दुरंगी गाड्यांचं वर्ष

"तीन लिटर पुरे होईल," अण्णा म्हणाले आणि गाडीभोवतीची फेरी अर्ध्यावर सोडून खुर्चीत जाऊन बसले.

मी भिजवलेला पॉलिश पेपर हातात धरून तशीच उभी राहिले. समोर हेरवाडकरबाईंची अँबेसिडर होती. पांढरी, जड, गोल पाठीची. तिला मोरपंखी रंग द्यायचा होता. पांढऱ्यावर गडद रंग म्हणजे कुठं पातळ पडला की खालचं पांढरं लगेच दिसणार. शिवाय दरवाजे उघडल्यावर दिसणाऱ्या चौकटी, बॉनेटची आतली बाजू, डिकीच्या कडा. हे सगळं तीन लिटरमध्ये कसं बसायचं?

"अण्णा, मागं डॉक्टरांच्या अँबेसिडरला साडेचार लागले होते."

"तो रंग वेगळा होता."

"रंग वेगळा असला तरी पत्रा तेवढाच की."

"अक्का, उगच डोकं खाऊ नको," ते डोळे मिटून म्हणाले. "ऊन काय म्हणतंय बघ."

ऑक्टोबरचं ऊन होतं. गडहिंग्लजहून संकेश्वरला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं पत्र्याचं शेड, त्यात थिनरचा वास कोंडलेला. दुपारी आत उभं राहिलं की डोकं जड व्हायचं. ह्या गोष्टीला आता वीस वर्षं होत आली, पण त्या दिवसांचा थकवा आठवला की अजून खांदे दुखल्यासारखे वाटतात. नवऱ्याचं घर सोडून मी माहेरी आले, त्यानंतर वर्षाच्या आत आई गेली. घरात आम्ही दोघंच उरलो. सकाळी भाकऱ्या थापायच्या, डबा घ्यायचा आणि अण्णांच्या मागोमाग शेडवर यायचं. गाड्या घासायचं काम माझं. पुट्टी भरायची, पाणी मारत पेपरनं घासायची, काचांना कागद चिकटवायचे. रंग फवारायची गन मात्र अण्णा कुणाला देत नसत. मला तर नाहीच. "तू शाळेत नोकरी बघ," एवढंच म्हणायचे. शाळेतल्या नोकऱ्या काही रस्त्यावर पडलेल्या नव्हत्या, हे त्यांनाही ठाऊक होतं.

अण्णांचा अंदाज म्हणजे अंदाज होता. गाडीभोवती एकदा फिरायचे, पत्र्यावरून तळवा फिरवायचे, दरवाजा उघडून आत डोकवायचे आणि आकडा सांगायचे. काम झाल्यावर डब्याच्या तळाशी वाटीभर रंग उरायचा. पुढं कधी ओरखडा पडला तर लावायला म्हणून तो गिऱ्हाइकाला बाटलीत भरून द्यायचे. कमी पडलाय असं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि कमी पडून चालायचंही नाही. आम्ही वापरायचो तो रंग कोल्हापुरात दुकानदार चार-पाच रंग मिसळून बनवून द्यायचा. एका वेळी बनवलेला डबा संपला आणि दुसरा आणला, की तो किंचित वेगळाच यायचा. उन्हात गाडी उभी केली की दोन तुकडे जोडल्यासारखी दिसायची.

म्हणून ते तीन लिटर माझ्या डोक्यातून जाईनात.

त्या दिवशी सकाळीच बाई गाडी घेऊन आल्या होत्या. स्वतः चालवत. हेरवाडकरबाई म्हणजे कन्याशाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, मला सातवीला भूगोल शिकवलेल्या. त्यांचे यजमान शेती खात्यात साहेब होते. ते गेल्यावर बाई साठीला टेकलेल्या असताना गाडी शिकल्या. गाव हसलं, त्यांनी लक्ष दिलं नाही.

"भरमाण्णा, ही सरकारी कळा घालवायची आहे," त्या म्हणाल्या. "ह्यांना आयुष्यभर पांढरी गाडी घ्यावी लागली. मला मोराच्या पिसासारखा रंग हवा. खंडेनवमीला पूजा नव्या रंगात झाली पाहिजे."

"हुईल की," अण्णा म्हणाले. "टप तेवढा पांढरा ठेवू या."

"टप कशाला पांढरा?"

"दोन रंगात गाडी उठून दिसते, बाई. आणि वरनं पांढरं असलं की आत गार राहतंय. कदमांची जीप बघा, फोटोवाल्या मगदूमची व्हॅन बघा."

हे मात्र खरं होतं. त्या वर्षी आमच्या शेडमधून जी गाडी बाहेर पडली ती दोन रंगांची. खाली तांबडा नाहीतर निळा नाहीतर हिरवा, वर पांढरा टप. ज्या गाडीचा टप पांढरा नव्हता तिचा टप जुन्याच रंगात ठेवून अण्णा खाली त्याला शोभेलसा नवा रंग काढायचे. लोकांना ते आवडलं. स्टँडजवळचा दुसरा पेंटरसुद्धा तसंच करायला लागला. लोक म्हणायचे, भरमाण्णानं गावाला फॅशन लावली. आई गेल्यानंतर अण्णा कशात रमत नव्हते, म्हणून मलाही बरं वाटायचं. म्हातारपणी काहीतरी हौस सुचली म्हणायचं.

बाई मात्र बधल्या नाहीत. "नाही हं. डोक्यावर जुनं गाठोडं ठेवून फिरल्यासारखं वाटेल. अख्खी गाडी रंगवायची."

अण्णांनी अजून दोनदा सांगून पाहिलं. शेवटी "बरं" म्हणाले आणि फेरी मारायला उठले.

दुसऱ्या दिवशी मी कोल्हापूरला गेले. रंगाच्या दुकानात पोरवाल शेठनी छटांचं शेड-कार्ड काढलं, मोरपंखीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "किती बनवू?"

"तीन."

"गाडी कुठली?"

"अँबेसिडर. पांढऱ्यावर."

शेठ चष्म्यावरून बघायला लागले. "भरमाण्णांनी सांगितलं तीन? अर्धीच रंगवायची आहे काय, ताई?"

"नाही, अख्खी."

"मग साडेचार न्या. उद्या परत आलात तर हीच शेड बनवीन, पण जुळली नाही म्हणून माझ्याशी भांडू नका. तुम्हीच बघा."

मी काउंटरपाशी उभी राहिले. मागं गिऱ्हाइकं ताटकळत होती. अण्णांच्या शब्दाबाहेर मी कधी गेले नव्हते. पण मला वाटलं, वय झालंय, विसरले असतील. काल फेरीसुद्धा पुरी केली नव्हती. रंग कमी पडला तर बाई काय म्हणतील, आणि गावात काय बोलतील? आमच्याकडे दुसरं होतं तरी काय? शेड भाड्याचं, कॉम्प्रेसर जुना. अण्णांचा शब्द तेवढा भक्कम होता.

"साडेचार करा," मी म्हटलं.

एस.टी.त डबे पायांत धरून बसले. हादऱ्यानं ते सरकायचे आणि मी टाचांनी दाबून धरायची. येईपर्यंत पोटऱ्या भरून आल्या.

अण्णांनी डबे पाहिले. मी बोलणी खायच्या तयारीत होते.

"साडेचार कुणी सांगितलं?"

"पोरवाल शेठ म्हणाले, तीनमध्ये होत नाही."

"पोरवाल येणार हाय काय गाडी रंगवायला?"

एवढंच म्हणाले. आवाजही चढवला नाही. डब्यांकडे बघत राहिले आणि मग मान खाली घालून बसले. रात्री भाकरी अर्धी टाकून उठले. मला वाटलं, मी त्यांचा अपमान केला. माफी मागावी असं मनात आलं, पण घासून घासून बोटांची सालं निघाली होती आणि अंथरुणावर पडल्यावर डोळे कधी मिटले ते कळलं नाही.

घासाई, पुट्टी, प्रायमर ह्यात आठवडा गेला. टप घासायलाही मीच चढले होते; वरचा प्रायमरही अण्णांनी माझ्याकडून ब्रशनं लावून घेतला होता. रंगाच्या दिवशी आम्ही सकाळी लवकर शेड झाडून, पाणी शिंपडून धूळ बसवली. अण्णांनी रंगात थिनर घातला, काठीवरून धार सोडून बघितली, तोंडाला रुमाल बांधला आणि डाव्या दरवाजापाशी जाऊन उभे राहिले.

"आधी टप ना?" मी विचारलं. लहानपणापासून बघत होते. सुरुवात वरून व्हायची आणि मग खाली यायचं, म्हणजे उडालेली भुकटी ओल्या रंगावर बसत नाही.

"आज खालनं घेऊ."

मी वाद घातला नाही. कॉम्प्रेसर सुरू केला. अण्णांचं काम बघण्यासारखं असायचं. गन पत्र्यासमोरून सरळ रेषेत जायची, कडेच्या बाहेर गेली की बंद, परत येताना अर्धा पट्टा आधीच्यावर. दरवाजे झाले, मडगार्ड झाली, बॉनेट, डिकी. पहिला हात, दुसरा हात, तिसरा हात. गाडी खालून मोरपंखी होत गेली आणि वरचा टप प्रायमरचा राखाडी तसाच राहिला.

दुपार कलली. अण्णांनी विचारलं, "किती राहिलाय?"

मी डबा हलवून पाहिला. "दीडेक लिटर."

त्यांनी डब्याकडे पाहिलं. मोठं ओझं समोर आणून ठेवल्यावर माणूस बघतो, तसं.

"जा, चहा घेऊन ये."

चहाची टपरी रस्त्यापलीकडं होती. मी किटली भरून परत आले तर कॉम्प्रेसर धडधडत होता, त्यामुळं माझी चाहूल त्यांना लागली नाही. अण्णा गाडीला लागून ठेवलेल्या स्टुलावर उभे होते, माझ्याकडं पाठ करून. उजव्या हातात गन. डाव्या हातानं त्यांनी उजवं कोपर खालून धरलं होतं आणि हात वर रेटत होते. गन कानापर्यंत गेली, तिथं थरथरली आणि खाली आली. त्यांनी श्वास घेतला. पुन्हा रेटलं. पुन्हा तिथंच. कॉम्प्रेसरचे पट्टे बदलताना असो की जड दरवाजे उतरवताना, कधी त्यांच्या तोंडून कण्हणं ऐकलं नव्हतं. कॉम्प्रेसरच्या आवाजातही आज मला ते ऐकू आलं.

मी किटली खाली ठेवली आणि कॉम्प्रेसर बंद केला.

शेड एकदम गप्प झालं. अण्णा वळले नाहीत. स्टुलावर तसेच उभे राहिले, गन मांडीजवळ लोंबत.

"कधीपासून?" मी विचारलं.

पाठमोरेच म्हणाले, "तुझी आई गेली त्या पावसाळ्यात दुखायला लागलं. दिवाळीनंतर वर जायचंच बंद झालं."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"दाखवलं की. खांद्यातली शीर तुटलीया म्हणाला. वापरून वापरून." ते सावकाश स्टुलावरून उतरले. "काम बंद करा म्हणाला. त्याला काय जातंय सांगायला?"

आणि मग एकेक करत सगळं माझ्यापुढं आलं. त्यांनी सदरा सोडून पुढून गुंड्यांचे शर्ट शिवून घेतले होते. फळीवरचा डबा मलाच काढायला लावायचे. देवळात घंटा वाजवायचं सोडून नुसते हात जोडून उभे राहायचे. ह्या सगळ्याला मी आईचं जाणं हेच कारण धरलं होतं. एका घरात राहून, एका ताटलीत चटणी वाढून घेऊन मला दिसलं नव्हतं.

"मग कदमांची जीप," मी म्हटलं. "मगदूमची व्हॅन. ती तांबडी फियाट..."

"गिऱ्हाईक खूश होतं की सगळं."

मला हसू आलं. गावभर पांढऱ्या टपाच्या गाड्या हिंडत होत्या, लोक फॅशन म्हणून मिरवत होते, दुसरा पेंटर नक्कल करत होता. आणि हसता हसता डोळे भरून आले, ते मी रंगाच्या हातानंच पुसले.

"आणि तीन लिटर?"

अण्णा खुर्चीत बसले. उजवा हात मांडीवर घेतला, परक्याचा असावा तसा.

"बाई ऐकेनात. म्हटलं, खालचं होईल एवढाच रंग आणायचा. संपला की सांगायचं, बाई, माझा अंदाज चुकला. आता आणला तर शेड जुळणार न्हाई, टप पांढराच राहू द्या."

"लोकांनी काय म्हटलं असतं? भरमाण्णाचा अंदाज चुकला म्हणून?"

"चुकतोय की माणसाचा. अंदाज चुकलेल्याला लोक पुढची गाडी देत्यात, अक्का. हात गेलेल्याला कोण देतंय?"

त्या माणसानं सगळ्या आयुष्यात एकाच गोष्टीचा तोरा मिरवला होता, आणि तीच तो बाईंच्या पायाशी टाकायला निघाला होता. मी पोरवालचं ऐकून ती वाटही बंद केली होती.

"मी मारते टप," मी म्हटलं.

"तुला न्हाई जमायचं."

"इतकी वर्षं बघतेय."

"बघून हात बसतोय होय?" ते चिडले. मग चीड निघून गेली आणि चेहऱ्यावर नुसता शीण राहिला. "एकदा गन हातात घेतलीस की सुटत न्हाई ही. तुझी आई सारखी म्हणायची, पोरीला ह्या वासात ठेवू नका. तू नोकरीवर जाशील, कुठंतरी जरा सुखानं..."

"मी आता कुठं जाणार, अण्णा?"

हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले होते. दोघांनाही ते ठाऊक होतं, पण उच्चारलं कुणी नव्हतं.

मग त्यांनी डाव्या हातानं रुमाल सोडला आणि माझ्यापुढं धरला.

"नाकावरनं बांध. घट्ट."

गन वाटली होती त्यापेक्षा जड होती. स्टुलावर चढले तर टप एवढा रुंद दिसला की मध्यापर्यंत हात पोचेल की नाही, शंका आली. अण्णा खाली उभे राहून सांगत होते. कॉम्प्रेसरच्या वर आवाज चढवावा लागत होता.

"मनगट वळवू नको! अख्खा हात ने! वीतभर लांब धर!"

"एवढं?"

"जवळ आलीस! लांब! हां. आता थांबू नको, चालत ऱ्हा. कडेबाहेर गेल्यावर सोड."

पहिला हात कसाबसा झाला. दुसऱ्याला डाव्या कडेला मी घाबरून क्षणभर थांबले आणि रंग तिथं जमून ओघळला. मी बोटानं पुसायला गेले.

"हात लावू नको!" अण्णा ओरडले. "वाळू दे. वाळल्यावर घासता येतंय. ओल्याला हात लावलास की सगळं गेलं."

तिसरा हात होईपर्यंत ऊन उतरलं होतं. खाली आले तेव्हा माझा दंड लटलटत होता. एक टप रंगवून ही गत, आणि अण्णा चाळीस वर्षं अशा गाड्या रंगवत आले होते. चहा किटलीतच गार झाला होता. आम्ही तो तसाच प्यालो.

बाई खंडेनवमीच्या दोन दिवस आधी आल्या. गाडी शेडबाहेर उन्हात काढली होती. बाई तिच्याभोवती फिरल्या. दरवाजा उघडून आतली चौकट पाहिली, मान डोलावली. मग डाव्या बाजूला टाचा उंचावून टपावरून हात फिरवला. ओघळ मी घासला होता, तरी तिथला रंग बाकीच्यासारखा बसला नव्हता.

"भरमाण्णा, इथं हाताला खरखरीत लागतंय."

धूळ बसली म्हणता आलं असतं. पुट्टीचा दोष म्हणता आलं असतं. मी अण्णांकडं पाहिलं. ते खुर्चीतून उठले, दोन पावलं पुढं आले.

"टप मी मारलेला न्हाई, बाई. माझा हात वर जात न्हाई आता. टप त्रिशलानं मारलाय."

घरात, गावात मी अक्का होते. माझं नाव त्यांच्या तोंडून मी कितीतरी वर्षांनी ऐकलं.

बाईंनी त्यांच्याकडं पाहिलं, त्यांच्या लोंबत्या हाताकडं पाहिलं. काहीतरी हळहळतील, जाऊ द्या म्हणतील, असं मला वाटलं. पण त्या माझ्याकडं वळल्या आणि वर्गात नकाशा चुकल्यावर बोलायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "त्रिशला, मग एवढी कड पुन्हा करून दे. परवा सकाळी न्यायला येते."

"हो बाई."

मी ती कड घासली, पुन्हा रंगवली. तीही माझ्या मनासारखी झाली नाही, तेव्हा पुन्हा घासली आणि पुन्हा रंगवली. अण्णा खुर्चीतून बघत होते. ह्या वेळी त्यांनी काही सांगितलं नाही. बाई आल्या, हात फिरवला, आणि "ठीक" म्हणून गाडी घेऊन गेल्या.

त्यानंतर बरेच दिवस काम आलं नाही. गावात कळलं होतं. भरमाण्णाचा हात गेला, आता पोरगी रंगवते. लोक येऊन चौकशी करून जायचे आणि मग त्यांची गाडी स्टँडजवळच्या शेडमध्ये दिसायची. रोज शेड उघडायचं, झाडायचं, बसायचं. कामानं थकायची सवय होती. बसून इतकं थकायला होतं हे तेव्हा कळलं.

दिवाळी होऊन गेल्यावर नेसरीचा एक माणूस जुनी ट्रॅक्स घेऊन आला. खेडोपाडी माणसं भरून वडाप करायची गाडी, ठिकठिकाणी पोचे, रंग उडालेला. त्याला ती निळी हवी होती.

"काका, रंग किती लागंल?" त्यानं विचारलं.

अण्णा खुर्चीतून उठले नाहीत. "तिला विचारा," म्हणाले.

त्या माणसानं माझ्याकडं पाहिलं. मी हात पुसले. गाडीभोवती फिरले, सगळी. पत्र्यावरून तळवा फिरवला, मागचं दार उघडून आत बघितलं, पायरीवर चढून वर पाहिलं. जुना रंग तपकिरी होता, निळ्याखाली झाकायला वेळ लागणार नव्हता, पण पत्रा अवाढव्य होता.

"पाच लिटर," मी म्हणाले.

अण्णा डोळे मिटून बसले होते. मनात गाडीभोवती फिरत असावेत.

"टप धरून?" त्यांनी विचारलं.

"टप धरून."

"मग बरोबर," ते म्हणाले.